कुलाबा-अलिबागच्या नोंदी आणि आयनांबराचे दीर्घकालीन चलन

उष्ण कटिबंधातील आयनांबराचे चलन दोन प्रकारचे आहे. एक दिवसाचे व ऋतूंचे. दुसरे अनेक दशकांत हळूहळू घडून येणारे. पहिल्याचा अभ्यास काही वर्षांच्या वेधांवरून करता येतो. दुसऱ्यासाठी शतकाची नोंद लागते. परंतु रेडिओलहरींच्या साहाय्याने ॲपल्टन यांनी आयनांबराचे अस्तित्व सिद्ध केले ते १९२४ साली. त्यापूर्वीच्या काळाविषयी काही सांगता येईल काय, हा प्रश्न सहजच उपस्थित होतो. ज्या थोड्या स्थळी त्याचे उत्तर सापडते, त्यांत मुंबईचा अंतर्भाव होतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा येथे वेधशाळा स्थापिली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकीय मापने होऊ लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले होते. चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक येथे मध्यान्हाच्या सुमारास किंचित वाढतो व रात्री पूर्वपदावर येतो. वातावरणाच्या वरच्या विद्युत्-वाहक थरांतील प्रवाह हे याचे कारण असावे, असे अनुमान बॅल्फोर स्ट्यूअर्ट यांनी १८८२ साली मांडले. सुमारे ११० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने आयनीभूत झालेली हवा वाऱ्यांमुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून वाहते आणि प्रवाह उत्पन्न होतो, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे कुलाब्याचे निरीक्षक ज्या दैनिक चलनाची नोंद करीत होते, ती नकळत आयनांबराचीच नोंद होती. सौर डागांच्या वाढीबरोबर हे चलनही वाढते, ही गोष्ट १८५२ सालीच युरोपीय संशोधकांच्या लक्षात आली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही परंपरा खंडित होण्याचा प्रसंग आला. मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्यांच्या जागी विजेच्या गाड्या आणण्याचे ठरले होते. त्यांचे जमिनीत झिरपणारे प्रवाह नाजूक उपकरणांना निरुपयोगी करणार, हे उघड होते. १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले नानाभाई फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडील अलिबाग हे स्थळ निवडले. लोहमुक्त अशा पोरबंदरी दगडाच्या इमारतीत १९०४ साली तेथे वेध सुरू झाले, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मापने एकाच वेळी चालू ठेवण्यात आली. १९०७ साली विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या.

समांतर वेधांच्या या अल्प काळाचे महत्त्व मोठे आहे. दोन स्थळांतील फरक निश्चित झाला नसता, तर दोन तुटक मालिका उरल्या असत्या, आणि त्यांच्या सांध्यावरील फरक निसर्गाचा की स्थलांतराचा, हे ओळखणे दुर्घट झाले असते. १८४६ ते १९०५ या काळातील वेधांचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० साली प्रसिद्ध झाले.

दीर्घकालीन बदलांची कारणे मुख्यतः तीन मानली जातात. पहिले, सूर्याचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र व त्याहूनही दीर्घ चढउतार. दुसरे, पृथ्वीच्या मूळ चुंबकक्षेत्राचे मंद परिवर्तन. त्यामुळे चुंबकीय विषुववृत्त सरकते आणि क्षेत्र क्षीण झाल्यास आयनांबराची वाहकता वाढते. तिसरे, कार्बन डायऑक्साइडची वाढ. हा वायू भूपृष्ठाजवळ उष्णता अडवितो, पण अतिउंचावर ती अवकाशात उत्सर्जित करून तेथील हवा थंड करतो. त्याचे प्रमाण दुप्पट झाल्यास आयनांबराचा सर्वांत दाट थर सुमारे १५ ते २० किलोमीटर खाली येईल, असे रिश्बेथ यांनी १९९० साली गणिताने दाखविले.

उष्ण कटिबंधात मात्र हा थर एका दिवसातच याहून कितीतरी अधिक वरखाली होतो. साहजिकच तेथे सूक्ष्म व संथ बदल शोधणे विशेष कठीण जाते. सौर चक्राचा प्रभाव वजा करावयाचा तर अनेक चक्रे पाहावी लागतात. आणि उपकरण, स्थळ वा पद्धती बदलताच त्या बदलाचा हिशेब ठेवावा लागतो. ट्रामगाड्यांना वाट देतानाही मुंबईच्या वेधशाळेने हा हिशेब चुकविला नाही. त्यामुळेच दीड शतकाहून अधिक काळाची ही नोंद आजच्या संशोधकाला अखंड वाचता येते.