ठेच, शहाणपण आणि विसर

जून महिन्यात आमच्या शाळेत दरवर्षी एक गंमत पाहायला मिळते. पहिला पाऊस अवचित गाठतो आणि निम्मा वर्ग भिजून चिंब होतो. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलेले असले, तरी वर्गाच्या कोपऱ्यात छत्र्यांचा ढीग! चार दिवस कोरडे गेले की ढीग ओसरतो, आणि पाचव्या दिवशी पुन्हा सारे भिजतात. मुलेच ती, असे म्हणून आपण हसतो. परंतु चांगली जाणती माणसे, तीही घरादाराच्या बाबतीत, नेमकी अशीच वागतात. हे पुराव्यानिशी दाखवण्यात एका अर्थशास्त्रज्ञाने आपली हयात घालवली. त्यांचे नाव हॉवर्ड कुनरूथर. १९३८ साली जन्मलेले हे अमेरिकन विद्वान २०२३ साली निवर्तले.

कथेचा आरंभ होतो अलास्कात. २७ मार्च १९६४, गुड फ्रायडेची संध्याकाळ. सुमारे साडेचार मिनिटे धरणी हादरत राहिली. ९.२ प्रतीचा तो भूकंप. अँकरेज शहराच्या टर्नअगेन भागातील घरे पायाखालच्या जमिनीसकट समुद्राकडे घसरत गेली. सरकार मदतीला धावले, अल्प व्याजाची कर्जे दिली गेली. कुनरूथर तेव्हा पंचविशीतले होते. पुढे त्यांनी डग्लस डेसी यांच्यासह या संकटाचा जमाखर्च मांडला आणि १९६९ साली नैसर्गिक आपत्तींच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक संकटानंतर घाईघाईने झोळी फिरवण्यापेक्षा आधीच विम्याची सोय का नसावी?

पुराचा विमा उतरवायला खाजगी कंपन्या तेव्हा धजत नसत. ज्याच्या दारात नदी, तोच विमा मागायला येणार, ही त्यांची भीती. म्हणून १९६८ साली अमेरिकन सरकारने स्वतःची पूरविमा योजना काढली. पदरचे पैसे घालून जुन्या घरांचे हप्ते स्वस्त केले. आता लोकांच्या रांगा लागतील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात फारसे कोणी फिरकले नाही. १९७२ च्या जून महिन्यात अ‍ॅग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनियात हाहाकार उडवला, तेव्हा बुडालेल्यांपैकी फार थोड्यांकडे हा विमा होता. सरकारने मग एक टक्का व्याजाने कर्जे दिली, वर पाच हजार डॉलरपर्यंतची रक्कम माफही केली. मग ज्याने इमानाने हप्ते भरले, तो वेडा ठरला की काय?

सरकार आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात, असा तर्क कोणीही केला असता. कुनरूथर मात्र तर्कावर थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराच्या आणि भूकंपाच्या टापूंतील सुमारे तीन हजार घरमालकांना प्रश्न विचारले. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते चकित करणारे होते. विमा नसलेल्यांपैकी बहुतेकांनी सरकारी मदतीचा हिशेब केलेलाच नव्हता. त्यांनी कसलाच हिशेब केलेला नव्हता! आणि ज्यांनी विमा उतरवला होता, त्यांनी तरी कोठे शक्यता आणि हप्ता यांची वजाबाकी केली होती? कोणी स्वतः संकट भोगले होते, तर कोणाच्या शेजाऱ्याने वा मित्राने विमा घेतला होता, एवढेच.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. माणूस ठेच स्वतःच्याच अंगठ्याला लागेपर्यंत थांबतो, असे कुनरूथर यांचे आकडे सांगतात. आणि शहाणपण आले तरी ते टिकत नाही. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ ते २००९ या काळातील लक्षावधी पूरविमे तपासले, तेव्हा ते साधारण दोन ते चार वर्षांतच बंद पडत असल्याचे आढळले. पूर आला नाही, म्हणजे हप्ता पाण्यात गेला, ही भावना. हप्ता पाण्यात गेला पण घर पाण्यात गेले नाही, याचा आनंद कोणी मानत नाही.

अशा वेळी आम्ही मास्तर लोक छडी उगारतो. कुनरूथर यांनी ती उगारली नाही. माणसाचा स्वभाव बदलत नसेल, तर व्यवस्थाच त्या स्वभावाला साजेशी करावी, हा त्यांचा मार्ग. शंभरात एक, असे सांगितले की माणूस मान फिरवतो. म्हणून ते म्हणत, हेच गणित निराळ्या तऱ्हेने मांडा. दरवर्षी शंभरात एक शक्यता असलेला पूर पंचवीस वर्षांच्या मुदतीत एकदा तरी येण्याची शक्यता पाचात एकाहून अधिक भरते. फळ्यावर करून पाहावे असे उदाहरण आहे. आकडा तोच, पण आता कान टवकारतात. दुसरी सूचना अशी, की विमा माणसाच्या लहरीवर न सोडता अनेक वर्षांसाठी घरालाच जोडावा, आणि घर भक्कम करणाऱ्यास हप्त्यात सूट मिळावी. गरिबाला हप्ता परवडत नसेल तर त्याला वेगळे साहाय्य द्यावे, परंतु हप्ता धोक्याची खरी किंमत सांगणारा असावा. घराला जोडलेला हा दीर्घ मुदतीचा विमा अमेरिकेच्या पूरयोजनेत त्यांच्या हयातीत काही आला नाही.

२०१७ साली रॉबर्ट मेयर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाला त्यांनी शहामृगाचे नाव दिले. शहामृग वाळूत डोके खुपसतो, ही आपली समजूत खोटी आहे. उडता येत नाही, हे उणेपण ओळखून तो पळण्यात तरबेज झाला. आपणही आपला विसरभोळेपणा ओळखून तजवीज करावी, एवढेच त्यांचे मागणे.

बुडणाऱ्याला, तू विमा का उतरवला नाहीस, असे विचारणारा माणूस निर्दयच म्हणायचा. तो प्रश्न विचारण्याची वेळ आधीची असते, आकाश निरभ्र असतानाची. आमच्या वर्गात मी आता एक युक्ती केली आहे. चार छत्र्या जून ते सप्टेंबर शाळेतच खुंटीला टांगलेल्या असतात. मुलांच्या आठवणीवर आम्ही विसंबत नाही. माझ्याही नाही.