नाताळ (ख्रिस्ती श्रद्धेतील अर्थ)

येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव. बहुतेक ख्रिस्ती पंथांत २५ डिसेंबरला साजरा होतो. ही तारीख बायबलमध्ये नाही. रोममध्ये ती इ. स. ३३६ पर्यंत रूढ झाली होती. सणाचा गाभा देहधारणेत आहे : देवाचा पुत्र मानवाच्या तारणासाठी कुमारी मरियेच्या पोटी माणूस होऊन आला. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवले जाते आणि जन्माची वार्ता आधी मेंढपाळांना कळते.

विठ्ठलाने नामदेवांच्या हातचा नैवेद्य खाल्ल्याची कथा नरसी नामदेवपासून पंढरपूरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे देवाची अशी जवळीक मराठी मनाला परकी नाही. ख्रिस्ती मतानुसार मात्र ही देहधारणा एकदाच घडली आणि ती क्रूसावरच्या मरणापर्यंत जाते. म्हणून गव्हाणीचा अर्थ क्रूसाशिवाय अपुराच.

हा विषय फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मांडला. पुढे ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्तीसाठी अभंग योजला. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.