काळी निशाणे आणि रोह्याचे चिंतामणराव

अष्टमीहून कुंडलिका ओलांडली की रोहा. या रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे बालपण गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री, एवढे आपल्याला ठाऊक असते. १९५२ साली ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. दगडफेक, जाळपोळ झाली हे खरे. पण शंभरावर माणसे या आंदोलनात गेली, हेही खरेच. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी राजीनामा दिला. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून झाला, ही त्यांची तक्रार होतीच. शिवाय गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, हेही त्यांनी लोकसभेत बोलून दाखवले. मला ही दुसरी तक्रार अधिक मोलाची वाटते. राज्याची सीमा कोठे असावी, यावर मतभेद असू शकतात. माणसे का मारली, याचा जाब मात्र सरकारला द्यावाच लागतो.

पुढच्या वर्षी प्रसंग आणखी अवघड होता. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला पंतप्रधान नेहरू येणार होते. द्वैभाषिक राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. महाराजांच्या समारंभाला निदर्शने कशी करायची? संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लोकांनी वाट धरली ती गडाखालची. तिकडे वाईच्या पसरणी घाटात, इकडे आपल्या पोलादपुरात माणसे काळी निशाणे घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्यासारखे पुढारी, आणि मागे खेड्यापाड्यांतली जनता! पाहुण्यांची वाट अडली नाही, अनावरणही ठरल्याप्रमाणे झाले. पण घोषणा ऐकायच्या त्यांनी ऐकल्या. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला.

राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात भाषणाचे आणि शांततेने, विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य पहिल्यापासून आहे. निदर्शने त्यात बसतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो बिहारच्या सरकारी नोकरांमुळे. त्यांना निदर्शने करण्यास बंदी घालणारा नियम होता. १९६२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला आणि शांततेची निदर्शने हेही मत मांडणेच आहे, असे मानले. पसरणी घाटातली माणसे तोवर घरी परतून चार वर्षे उलटली होती.