बोल्ट तेच, ब्रेक वेगळे

अमेरिकेत १९४७ साली शेवरोलेचे ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ट्रक आले. गोलसर बांधा, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. युद्धानंतरचा हा नवाकोरा ट्रक, पण चाकांच्या आत जुनाच संसार होता: १९३६ पासून चालत आलेले ‘हक’ पद्धतीचे ड्रम ब्रेक. १९५१ साली अर्ध्या टनाच्या ट्रकवर त्यांची जागा ‘बेन्डिक्स’ पद्धतीने घेतली. आज १९४७ ते १९५० मधला ट्रक कुणी दुरुस्तीला काढला, की जाणकारांचा पहिला सल्ला असतो, धाकट्या भावाचे ब्रेक काढून थोरल्याला बसव. हकचे सुटे भाग महाग आणि दुर्मीळ, बेन्डिक्सचे मुबलक.

दोन्हींत फरक काय? ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबलं की ते बाहेर सरकून फिरत्या ड्रमला घासतात. हकमध्ये दोन्ही शूंना आपापला टेकू असतो, एकाचा जोर दुसऱ्याला मिळत नाही. बेन्डिक्समध्ये पुढचा शू मोकळा तरंगता असतो. ड्रम त्याला फिरण्याच्या दिशेने ओढतो आणि तो खालच्या स्क्रूमधून मागच्या शूला रेटतो. म्हणजे धावत्या गाडीचीच ताकद गाडी थांबवायला वापरली जाते. जास्त काम मागच्या शूला पडतं, म्हणून त्याचं लायनर लांब असतं. घाईत हे शू उलटसुलट बसवले, तर सगळं दिसतं ठीक, पण ब्रेक धरत नाही.

हा बदल कशासाठी, याचं उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ४० मैलांवरून वेग ६० वर गेला, तर वेग दीडपट होतो पण थोपवायची ऊर्जा सव्वादोनपट. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. शेतातून गावात आणि गावातून शेतात जाण्यासाठी बनवलेला ट्रक आज त्या रस्त्यांवरच्या गाड्यांमध्ये चालवायचा, तर ब्रेकचा प्रश्न हौसेचा राहत नाही.

तसा ब्रेकवरचा अविश्वासही जुनाच. माल्कम लॉकहीडने १९१७ च्या सुमारास द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं, १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत ते चारही चाकांना लागले. तरी हेन्री फोर्ड १९३९ पर्यंत सळया आणि तारांनाच धरून बसला. पेडलपासून चाकापर्यंत पोलाद, ही त्याच्या कंपनीची जाहिरात होती. नळी फुटली तर काय, ही त्यामागची भीती खोटी नव्हती.

एका गाडीचा भाग दुसरीला बसावा, हे मात्र मोटारींच्या जगाला सिद्ध करून दाखवावं लागलं. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या, भाग एकमेकांत मिसळले, पुन्हा जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. पुढच्याच वर्षी कॅडिलॅक जनरल मोटर्समध्ये गेली. त्याच जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना काढला. तिथे १९५४ पर्यंत शेवरोलेच्या गाड्या आणि ट्रक जोडले जात. अमेरिकेत घडवलेला भाग शिवडीत कानस न लावता बसला नसता, तर असा कारखाना चाललाच नसता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे इथला धोका ओळखीचा वाटतो. जोडणी जुळली म्हणजे वागणूक जुळली असं नाही. समजा, नव्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचा व्यास १ इंचाऐवजी सव्वा इंच निघाला. व्यास पावपटीने वाढला, पण क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक. तेवढं जास्त तेल पुरवायला जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल अधिक खोल दाबावं लागतं. शिवाय या ट्रकचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला असतो. नळ्यांत थोडा दाब धरून ठेवणारी झडप नसेल, तर पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागू शकतं. आणि बेन्डिक्स स्वतःच जोर वाढवत असल्याने घर्षणातला फरकही वाढवून दाखवतो. डाव्या-उजव्या चाकांची लायनरं सारखी नसली, की गाडी एका बाजूला ओढते.

सगळ्यात मोठी गोष्ट याहून साधी आहे. जुन्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असतो. एक नळी फुटली, की चारही चाकं सुटतात. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे अमेरिकी गाड्यांत १९६७ पासून सर्रास झाले. फोर्डच्या त्या भीतीला मिळालेलं खरं उत्तर हेच. चाकात १९५१ आणि पेडलखाली १९४७ ठेवलेला ट्रक उत्तम थांबतो, नळी शाबूत असेतो. बदलायचंच असेल तर सुरुवात पेडलकडून करावी.