कोशकाराची नाममुद्रा : सहकारी ज्ञानकोश, वैद्यकीय लेखन आणि आत्मप्रसिद्धी

जुन्नर तालुक्यातील मांडवी नदीच्या काठचे ओतूर हे गाव कपर्दिकेश्वराचे देवालय आणि बाबाजी चैतन्यांची समाधी या दोन स्थानांमुळे महाराष्ट्रात परिचित आहे. बाबाजींचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिकले ते त्यांच्या स्वतःच्या ग्रंथामुळे नव्हे. तुकारामांनी आपल्या अभंगात राघव चैतन्य आणि केशव चैतन्य या परंपरेचा, बाबाजी या नावाचा आणि माघ शुद्ध दशमी या तिथीचा निर्देश केला, म्हणून ते टिकले. केशव आणि बाबाजी या दोन व्यक्ती की एकच, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु गुरूचे मोठेपण शिष्याच्या साक्षीने सिद्ध झाले, या गोष्टीविषयी वाद नाही. स्वतःच्या मुखाने सांगितलेली थोरवी आणि दुसऱ्याने दिलेली साक्ष यांतील हे अंतर अध्यात्मात जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोशरचनेतही महत्त्वाचे आहे. आणि कोशाचा विषय वैद्यक असेल तर त्या अंतरावर वाचकाचे प्राण अवलंबून असू शकतात.

अनेकांनी मिळून सिद्ध करावयाच्या ज्ञानकोशात वैद्याने किंवा डॉक्टराने लिहावे की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. ज्याला विषय ठाऊक आहे त्यानेच लिहिले पाहिजे. प्रश्न असा की, लिहिताना त्याने आपले नाव, आपले संशोधन, आपली उपचारपद्धती आणि आपला व्यवसाय यांना कोणते स्थान द्यावे. या प्रश्नाचे एक सुलभ उत्तर नेहमी दिले जाते : लेखकाने स्वतःला पूर्णपणे पुसून टाकावे. इतिहासाची साक्ष मात्र या उत्तराला अनुकूल नाही.

ओतूरच्या परिसरापासूनच आरंभ करता येतो. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील प्राकृत लेखांत दात्यांची नावे आढळतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी टाके आणि मंडप दिला. वैद्यकाशी थेट संबंध असलेला याच प्रकारचा लेख कन्नडजवळच्या पितळखोरे येथे आहे. तेथे मगिल नावाच्या राजवैद्याने आपले दान नोंदविले आहे. या लेखांची वाक्यरचना लक्षात घेण्याजोगी आहे. दात्याचे नाव षष्ठी विभक्तीत येते आणि दिलेली वस्तू प्रथमेत येते. व्याकरणदृष्ट्या वाक्याचा कणा वस्तू हा आहे; व्यक्ती ही तिचे विशेषण होय. मगिलाने आपले नाव लपविले नाही, राजवैद्य हे पदही लपविले नाही आणि त्या पदाचा मान त्याला नकोसा होता असेही नाही. तथापि आपण कोणते रोग बरे केले, याचा उच्चार त्याने केलेला नाही. नाव सांगणे आणि नावाचा व्यापार करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, ही जाणीव त्या अल्पाक्षरी लेखांत दिसते.

भारतीय वैद्यकातील सामूहिक ग्रंथरचनेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चरकसंहिता. पुनर्वसू आत्रेयाचा उपदेश, अग्निवेशाचे तंत्र आणि चरकाचा प्रतिसंस्कार अशा तीन अवस्थांतून आलेल्या या ग्रंथाचा काही भाग पुढे उपलब्ध नव्हता. तो दृढबलाने पूर्ण केला. हे करताना त्याने मौन पाळले नाही. चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने, प्रत्येकी १२ अध्यायांची, आपण पूर्ण केली असे तो सांगतो. म्हणजे १२० अध्यायांपैकी ४१ त्याचे होत. हे सर्व आपण अनेक तंत्रांतून, शेतात पडलेले दाणे वेचून घ्यावेत तसे वेचून घेतले, असेही त्याने नमूद केले आहे. या निवेदनात कोशकाराची दोन्ही कर्तव्ये येऊन जातात : आपला हात कोठे लागला ते सांगणे, आणि मजकुराचे प्रामाण्य स्वतःकडे न घेता आधारभूत ग्रंथांकडे सोपविणे. दृढबलाने नाव दिले ते उत्तरदायित्व पत्करण्यासाठी.

परंतु त्याच्या निवेदनात एक उणीव राहिली. चिकित्सास्थानातील १७ अध्याय कोणते, ते त्याने नावानिशी सांगितले नाही; आणि निरनिराळ्या पाठपरंपरांत अध्यायांचा क्रम भिन्न असल्यामुळे चरकाचा शब्द कोठे संपतो आणि दृढबलाचा कोठे सुरू होतो, याचा वाद टीकाकारांपासून आजतागायत चालत आला आहे. सामूहिक ग्रंथात केवळ सहभागाची कबुली पुरत नाही. कोणते वाक्य कोणाचे, याची नोंद राहावी लागते.

युरोपात १७५१ ते १७६५ या काळात दिदरो यांच्या संपादनाखाली फ्रेंच ज्ञानकोशाचे मजकुराचे १७ खंड निघाले. त्यांतील सुमारे १७,००० नोंदी लुई द झोकूर या एका व्यक्तीच्या आहेत. लायडन येथे वैद्यकाची पदवी घेतलेल्या या गृहस्थाने स्वतःचा एक मोठा वैद्यकीय कोश लिहिला होता; त्याचे हस्तलिखित छपाईसाठी पाठविले असता जहाजाबरोबर बुडाले. तदनंतर त्याने आपली विद्या दुसऱ्यांच्या कोशाला वाहिली आणि नोंदीखाली आद्याक्षरांची किंवा नावाची खूण ठेवली. त्याच कोशात माँपेलिए संप्रदायाचे वैद्य मेन्यूरे द शाँबो यांनी नाडीविषयी प्रदीर्घ नोंद लिहिली. तिचा कल बोर्द्यू यांच्या, म्हणजे स्वतःच्याच संप्रदायाच्या, नाडीविचाराकडे होता. आणि १७६८ मध्ये त्याच विषयावर मेन्यूरे यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. मेन्यूरे यांची विद्वत्ता निःसंशय होती आणि त्यांची नोंद आजही अभ्यसनीय आहे. तथापि ज्या मताचा लेखक स्वतः अनुयायी आहे त्याला कोशात किती जागा द्यावी, हा प्रश्न त्या नोंदीने उभा केला. आत्मप्रसिद्धी नेहमी ‘मी’ या सर्वनामानेच येते असे नाही. ती विषयाच्या प्रमाणबद्धतेतूनही येऊ शकते.

मराठी कोशवाङ्मयाने या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती या पार्श्वभूमीवर पाहावीत. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० नंतरच्या दशकात २३ खंडांत पूर्ण झाला. केतकर हे स्वतःची मते ठासून मांडणारे संपादक होते आणि प्रस्तावनाखंडांवर त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा स्पष्ट आहे. परंतु ज्ञानकोशाच्या उभारणीत आपण काय केले, याची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या स्वतंत्र पुस्तकात १९२७ मध्ये सांगितली. आत्मनिवेदनाला त्यांनी निराळे घर दिले, ही गोष्ट कोशनीतीच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

मराठी विश्वकोशाची योजना १९६० मध्ये स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली हाती घेतली. पहिला खंड १९७६ मध्ये आला, १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले आणि २० वा खंड २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे आडनाव व आद्याक्षरे येतात; पदव्या, हुद्दा किंवा रुग्णालय येत नाही. रोगांविषयीच्या अनेक नोंदींत आधुनिक वैद्यकाचा मजकूर संपल्यावर ‘आयुर्वेदीय चिकित्सा’ असा निराळा उपविभाग येतो आणि त्याखाली त्या लेखकाचे निराळे नाव असते; जनावरांच्या रोगांचा भाग असल्यास त्याचा लेखक आणखी निराळा. एका शास्त्राच्या जाणकाराने दुसऱ्या शास्त्राचा निकाल द्यावयाचा नाही आणि प्रत्येकाने आपल्या भागापुरते उत्तरदायी राहावयाचे, ही व्यवस्था त्यातून दिसते. दृढबलाच्या निवेदनात जी उणीव होती, ती येथे बऱ्याच अंशी भरून निघाली.

कोशाबाहेरच्या व्यवहारात मात्र वैद्यक आणि जाहिरात यांचे सख्य जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी वृत्तपत्रे आणि मासिके यांच्या पानांवर गुटिका, अर्क आणि मलमे यांच्या जाहिराती येत आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ बरे झालेल्या रोग्यांची प्रशंसापत्रे छापली जात. कोणत्याही नियमित परीक्षेविना व्यक्तीचा अनुभव पुरावा म्हणून पुढे करण्याची सवय अशा लेखनाने वाचकाला लागली. या प्रकाराला आळा घालण्यासाठी भारतात १९५४ मध्ये औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा झाला. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनी, रोगी मिळविण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करणे अनुचित ठरविले. या नियमांतील ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द कोशलेखकाने विशेष मनावर घेण्यासारखा आहे.

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ती २००३ च्या मे महिन्यात आली. येथे विश्वकोशासारखे संपादक मंडळ नाही आणि लेखाखाली सही नाही. परंतु प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ जोडलेला असतो आणि त्यात कोणत्या सदस्याने कोणत्या क्षणी कोणते अक्षर बदलले याची नोंद राहते. नाव पानावरून गेले, तरी नोंदवहीत राहिले. निःपक्षपाती दृष्टिकोन, पडताळणीची शक्यता आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन न मांडणे ही या कोशाची तीन मूलतत्त्वे होत. वैद्यकीय लेखांसाठी इंग्रजी आवृत्तीने अधिक कठोर दंडक घातला : एकट्यादुकट्या प्रयोगाच्या निबंधापेक्षा, अनेक प्रयोगांचा एकत्र परामर्श घेणारे समीक्षालेख, मान्य पाठ्यग्रंथ आणि वैद्यकसंस्थांची मार्गदर्शक तत्त्वे यांना अग्रमान द्यावा. तज्ज्ञाने स्वतःच्या प्रकाशित लेखनाचा आधार देण्यास तेथे सर्वस्वी बंदी नाही. तो आधार विषयाला आवश्यक असावा, इतरांच्या कार्याला झाकणारा नसावा आणि शंका असल्यास चर्चा पानावर आपला संबंध सांगून इतरांचा निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करणे २०१४ पासून बंधनकारक आहे.

या नियमांचा अर्थ महाराष्ट्रातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर दिसणारी हृदयासंबंधीची पूर्वचिन्हे वर्णिली. त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी प्रस्थापित केला आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशाची कोणतीही प्रामाणिक नोंद त्यांच्या नावावाचून पूर्ण होणार नाही. कारण त्यांच्या कार्याची दखल इतरांनी घेतली आहे. परंतु याच इतिहासाचा पुढचा टप्पा अधिक बोधप्रद आहे. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या बावस्कर दांपत्याच्या तुलनात्मक चाचणीत, केवळ प्राझोसिन दिलेल्या रोग्यांपेक्षा प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेले रोगी लवकर बरे झाल्याचे दिसले. ज्या औषधाशी स्वतःचे नाव जोडले गेले ते एकटे पुरेसे नाही, असे संशोधकाने स्वतःच दाखविले. नोंद जर १९८० नंतरच्या दशकातील यशाच्या गौरवावर थांबली असती, तर ती व्यक्तीला न्याय देणारी पण रोग्याला अपुरी ठरली असती.

आत्मप्रसिद्धीचा भाषिक वेष हा शेवटचा मुद्दा. ‘मी’ गाळल्याने लेख निःपक्षपाती होतो, हा समज भ्रामक आहे. ‘असे आढळून आले आहे’ या कर्मणि रचनेत कर्ता दिसत नाही. पण आढळले कोणाला, किती रोग्यांत आणि कोठे, ही माहितीही त्याबरोबर अदृश्य होते. लेखकाचा स्वतःच्या दवाखान्यातील अनुभव या रचनेच्या आडून शास्त्राचा सिद्धांत म्हणून वावरू शकतो. ‘रामबाण’, ‘हमखास’, ‘सुप्रसिद्ध’, ‘सर्वप्रथम’ ही विशेषणे जाहिरातीच्या भाषेतून कोशात शिरतात आणि पुराव्याची जागा अडवतात. यास्तव मराठी वैद्यकीय लेखनात कर्ता लपविण्यापेक्षा तो नेमका सांगणे अधिक हिताचे. ‘अमुक वर्षी अमुक संशोधकांनी इतक्या रोग्यांत असे पाहिले, नंतरच्या परीक्षणांत त्यास दुजोरा मिळाला किंवा मिळाला नाही’ असे वाक्य रुक्ष वाटले, तरी वाचकाला ते तपासता येते.

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा की, कोशपरंपरेने नाव कधीही निषिद्ध मानले नाही. नावाला पुराव्याची जागा देणे तेवढे अमान्य केले. मगिलाचे दान, दृढबलाचे निवेदन, विश्वकोशाची नाममुद्रा आणि विकिपीडियाचा संपादन-इतिहास ही एकाच विवेकाची रूपे होत. उलट निनावीपण हे स्वतःच्या हितसंबंधावरचे पांघरूण बनले, तर ते विनय नव्हे.

हा विवेक शिष्टाचारापुरता नाही. ओतूरच्या एखाद्या कांद्याच्या शेतात कामकऱ्याला विंचू चावतो. घरातील मुलगा भ्रमणध्वनीवर मराठीतून त्याविषयी वाचतो. इंग्रजीतील दहा ग्रंथ ताडून पाहण्याची सोय त्याला नसते. मराठीतील एकच नोंद त्याच्यापुरते संपूर्ण शास्त्र असते. त्या नोंदीने त्याला एखाद्या दवाखान्याचे वा काढ्याचे नाव शिकविले, की रोग्याला विनाविलंब जवळच्या रुग्णालयात न्यावे हे शिकविले, यावर पुढचे काही तास ठरतात. ज्या भाषेत कोश थोडे, त्या भाषेतील कोशलेखकावरचा भार अधिक असतो.