मोडींतलें पोलाद

जुन्या मोटारसायकलीची सांखळी, दांतेरी चक्र वा दिवा यांतून आज कारागीर दिवाणखान्याची शोभा घडवितात. पण मोडीच्या लोखंडांत इतिहास राहतो काय? १९७१ च्या युद्धांत बंगालच्या उपसागरांत लढलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ सालीं निवृत्त झाली व २०१४ पासून मुंबईस मोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश २०१६ सालीं बजाजच्या मोटारसायकलींत उतरला. शिल्पकार अर्झान खंबाटा यांनीं त्याच मोडींतून मुंबईंत स्मारक उभारिलें. नौका गेली, स्मृति उरली. कारण धातूबरोबर नांवहि जपलें गेलें. तेव्हां रत्नागिरीच्या माडीवर जुन्या गाडीचा दिवा लावाल, तर ती गाडी कोणाची, कोणत्या सालची, हें त्यावर कोरून ठेवा. एरवीं उरतें तें केवळ लोखंड.