अल्मादेन : पाऱ्याची खाण आणि आपला अभिमान

उर्दूत खनिजांना 'मादनियात' म्हणतात. मूळ अरबी शब्द 'मअदन', म्हणजे खाण. स्पेनमध्ये एका गावाचे नावच 'अल्मादेन' आहे. स्पॅनिशमध्ये पाऱ्याला 'असोगे' म्हणतात, तोही अरबीतून गेलेला शब्द. अरब येण्यापूर्वी रोमन लोकही इथला हिंगूळ नेत असत.

निसर्गात मोकळे सापडणारे धातू मोजकेच. लोखंड, जस्त, शिसे हे बहुधा प्राणवायू किंवा गंधकाशी जोडलेले असतात. पाराही बहुतेक गंधकाशी जोडलेलाच मिळतो, तोच हिंगूळ. अल्मादेनमध्ये मात्र सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत हिंगुळाबरोबर मोकळा पाराही आहे. जिथे गंधक पुरेसा पडला नाही, तिथे पाऱ्याचे चमकते थेंब खडकाच्या फटींत तसेच राहिले.

जाबिर बिन हय्यानच्या नावावरील ग्रंथांत सगळे धातू पारा आणि गंधकापासून बनतात असे मांडले आहे. सिद्धांत चुकीचा ठरला, पण ही जोडी खाणीत एकत्र आढळते हे खरेच आहे.

अंदलूसची आठवण निघाली की आपण मदीनत अल-झहरा राजवाड्यातल्या पाऱ्याच्या हौदाची गोष्ट रंगवून सांगतो. हौद चमकत असे, पण तो पारा काढला कुणी? १२व्या शतकात भूगोलकार इद्रिसीने कॉर्डोबाच्या उत्तरेकडील पाऱ्याच्या खाणीत हजाराहून अधिक माणसे राबत असल्याची नोंद केली आहे. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

पुढे सत्ता बदलली, खाण तीच राहिली. १६व्या शतकात मेक्सिकोची चांदी गाळण्यासाठी पाऱ्याची मागणी वाढली. स्पेनच्या राजाने अल्मादेनमध्ये कैदी पाठवले. तिथे गुलामही राबले. त्यांत उत्तर आफ्रिकेतले मुसलमान होते. १५९३ मध्ये लेखक मातेओ आलेमानने कैद्यांचे जबाब लिहून घेतले. पाऱ्याच्या वाफेने हातपाय थरथरत, भ्रम होई, माणसे मरत.

२०१२ मध्ये अल्मादेन जागतिक वारसा यादीत आले. तोवर खाण बंद पडली होती. माझे विद्यार्थी विचारतात, "सर, अंदलूस आपलेच होते ना?" मी म्हणतो, हो, राजवाडा आपला म्हणायचा असेल, तर खाणीत खपलेली माणसेही आपलीच म्हणावी लागतील, मग सत्ता कुणाचीही असो. इतिहास अर्धा घेता येत नाही.